आई ऊस तोडायची: ‘यूज्ड टू’ नेमकं कुठं वापरायचं

वहीतलं वाक्य असं होतं: ‘माय मदर इज यूज्ड टू कट शुगरकेन.’

नेकनूरला संध्याकाळी मी भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवतो. त्या दिवशी ‘माझी आई’ या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. वही होती बी.ए. झालेल्या, तलाठी भरतीच्या मागं लागलेल्या एका मुलीची. वाक्यात एकही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं. कर्ता जागेवर, कर्म जागेवर, पूर्णविरामसुद्धा दिलेला. पण त्याचा इंग्रजीत जो अर्थ होतो, तो मला वर्गात मोठ्यानं वाचून दाखवता आला नाही. तो अर्थ असा: माझ्या आईचा वापर ऊस कापण्यासाठी केला जातो. कोयत्याचा करतात तसा.

मी तिला जवळ बोलावून हळूच समजावलं. ती म्हणाली, ‘सर, आई आधी ऊस तोडायची, आता जात नाही, एवढंच म्हणायचं होतं मला.’

बीड जिल्ह्यात हे वाक्य कितीतरी घरांतलं आहे. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडं निघतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी येतात. नवराबायकोच्या जोडीला आपल्याकडं ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर. बोलण्यात माणसाला हत्याराचं नाव आधीच पडलेलं आहे. निदान शिकलेल्या लेकीच्या वहीत, केवळ एका जास्तीच्या ‘इज’मुळं, ते पुन्हा लिहिलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

‘यूज्ड टू’ हे दिसायला एक, पण आत तीन वेगळी कामं करणारं जोडकं आहे. तिन्ही कामं त्या आईच्याच वाक्यावर दाखवतो.

आई पूर्वी ऊस तोडायची: ‘माय मदर यूज्ड टू कट शुगरकेन.’ इथं ‘इज’ नाही, ‘वॉज’ नाही, ‘यूज्ड टू’च्या पुढं क्रियापद मूळ रूपात, ‘कट’. गोष्ट मागं पडलेली आहे.

आईला ऊस तोडायची सवय आहे, तिला त्याचं काही वाटत नाही: ‘माय मदर इज यूज्ड टू कटिंग शुगरकेन.’ इथं ‘इज’ हवाच, आणि पुढच्या क्रियापदाला ‘आयएनजी’ हवंच. गोष्ट आजची आहे.

कोयता ऊस तोडण्यासाठी वापरतात: ‘अ कोयता इज यूज्ड टू कट शुगरकेन.’ इथं ‘इज’ आहे, पण पुढचं क्रियापद मूळ रूपात. हे वाक्य हत्याराचं आहे, साधनाचं आहे. या साच्यात माणूस बसवला की माणसाचं साधन होतं. त्या मुलीनं पहिल्या वाक्याचा अर्थ मनात धरला आणि तिसऱ्या वाक्याचा साचा उचलला, चूक झाली ती एवढीच.

आता कानाकडं वळू, कारण निम्मा गोंधळ तिथून येतो. तिसऱ्या वाक्यातला, म्हणजे वापरण्याचा ‘यूज्ड’ उच्चारताना ‘झ’ घुमतो: यूझ्ड. पहिल्या दोन वाक्यांत, सवयीच्या अर्थानं, तो ‘झ’ बसका होऊन ‘स’ होतो आणि शेवटचा ‘ड’ पुढच्या ‘टू’मध्ये विरघळतो. ऐकू येतं ते ‘यूस्टू’. मोबाइलवर एखाद्या इंग्रजी मुलाखतीत नीट कान देऊन ऐका, म्हणजे हा फरक पकडता येईल. लिहिणारा कानावर विश्वास ठेवतो आणि ‘ड’ गाळून ‘आय यूज टू गो’ असं लिहितो. बोलताना हा ‘ड’ लपतो, पण वहीत तो लिहावाच लागतो. एका ठिकाणी मात्र तो खरंच जातो. त्याच्याकडं पुढं येतो.

आता मुख्य गोष्ट. ‘यूज्ड टू’ शिकायला मराठी माणसानं नियमांच्या मागं लागायची गरज नाही, कारण याच कामाचं रूप आपल्या भाषेत तयार आहे आणि आपण ते दिवसभर वापरतो. जायचो, यायचे, बसायची, असायचं. ‘आम्ही लहानपणी आठवडी बाजाराला बैलगाडीनं जायचो.’ शाळेच्या व्याकरणात याला रीती भूतकाळ म्हणतात आणि तिथं ‘जात असे’ हे रूप दिलेलं असतं. जुन्या पुस्तकी मराठीत ‘तो रोज पहाटे उठे, नदीवर जाई’ असंही यायचं. आपल्या मराठवाड्यात ‘आम्ही जायचोत’ म्हणतात. रूप कोणतंही घ्या, अर्थ एकच: हे पुन्हा पुन्हा घडत होतं, बरेच दिवस घडत होतं, आणि आता ते मागं पडलं. इंग्रजीतला ‘यूज्ड टू’ तंतोतंत याच जागी बसतो. ‘वी यूज्ड टू गो टू द वीकली मार्केट बाय बुलक कार्ट.’

तेव्हा पहिली कसोटी अशी. मनातलं मराठी वाक्य बोलून बघा आणि त्याच्या शेवटी ‘आता नाही’ जोडा. ‘आई ऊस तोडायची, आता नाही.’ जुळलं? मग ‘यूज्ड टू’. ‘मी रोज सकाळी पळायला जातो, आता नाही.’ जुळत नाही. मग तिथं ‘यूज्ड टू’ला जागा नाही. क्वचित एखादा माणूस ‘आय यूज्ड टू गो देअर, अँड आय स्टिल डू’ असं म्हणतो, म्हणजे जायचो आणि अजूनही जातो. पण बघा, अजूनही जातो हे त्याला मुद्दाम वेगळं सांगावं लागलं. नुसत्या ‘यूज्ड टू’नं ऐकणारा ‘आता नाही’ असंच समजतो.

ही कसोटी न लावल्यामुळं होणारी चूक मी रोज बघतो. ‘आय यूज टू रीड न्यूजपेपर एव्हरी डे.’ मुलाला म्हणायचं असतं, मी रोज पेपर वाचत असतो. ‘वाचत असतो’ यातला ‘असतो’ त्याला इंग्रजीत कुठंतरी उतरवायचा असतो, आणि हाताशी ‘यूज टू’ सापडतो. इंग्रजीला या ‘असतो’साठी वेगळा शब्द लागत नाही. ‘आय रीड द न्यूजपेपर एव्हरी डे’, झालं. ‘शक्यतो’, ‘बहुतेक वेळा’ असा भाव आणायचा असेल तर ‘युजुअली’ घ्या: ‘आय युजुअली रीड द न्यूजपेपर इन द मॉर्निंग.’ तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत वर्तमानकाळातली सवय सांगायलाही ‘आय यूज टू’ म्हणत असत. तो प्रयोग नंतर मोडला. तेव्हा ही चूक करणाऱ्यानं फार लाजू नये, पण सोडावी मात्र लगेच. वर्तमानातल्या सवयीला ‘यूज टू’ नाही, कधीच नाही.

दुसरी एक चूक खास मराठी माणसाची आहे, आणि तिचा उल्लेख इंग्रजीच्या पुस्तकांत सहसा येत नाही, कारण ती पुस्तकं आपल्यासाठी लिहिलेली नसतात. ‘जायचो’ आपलं आहे तसं ‘जायचंय’ही आपलंच आहे. ‘मला बीडला जायचंय’, ‘मला काल बीडला जायचं होतं’, ‘उद्या फॉर्म भरायचा आहे’. इथल्या ‘जायचं’चा सवयीशी काही संबंध नाही, इथं इच्छा आहे, किंवा काम आहे. पण कानाला दोन्हीकडं ‘जायच’ ऐकू येतं. म्हणून एकानं लिहिलं, ‘येस्टरडे आय यूज्ड टू गो टू बीड, बट बस नॉट कम.’ काल एकदा जायचं होतं, त्याला ‘यूज्ड टू’ कसा लागेल? ‘येस्टरडे आय हॅड टू गो टू बीड, बट द बस डिड नॉट कम.’ जाणं भाग होतं तर ‘हॅड टू’, जायची इच्छा होती तर ‘वाँटेड टू’. ओळखायची खूण मराठीतच आहे. ‘मी जायचो’ म्हणताना कर्ता ‘मी’ असतो. ‘मला जायचं होतं’ म्हणताना ‘मला’ असतो. ‘मला’ आणि पुढं ‘जायचंय’, ‘जायचं होतं’ असं रूप दिसलं की ‘यूज्ड टू’ बाजूला ठेवा.

पण थांबा, ‘मला सवय आहे’ यातही ‘मला’ आहेच. तिथं ‘सवय’ हा शब्द स्वतः येऊन सांगतो की मी दुसरा साचा आहे. त्या दुसऱ्या साच्यापाशी जरा जास्त वेळ थांबायला हवं, कारण नोकरीच्या मुलाखतीत घात होतो तो तिथं.

माझ्याकडं येणाऱ्या एका मुलाला पुण्याकडच्या एका कंपनीत मुलाखतीत विचारलं, रात्रपाळी चालेल का? मुलगा शेतकऱ्याचा. शेतीची लाइट पाळीपाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दोन वाजता मोटार चालू करायची, बॅटरी घेऊन बांधानं फिरायचं, बारे मोडायचे, पहाटे घरी यायचं, हे त्यानं बारावीपासून केलेलं. त्याला सांगायचं होतं, मला रात्री काम करायची सवय आहे. तो म्हणाला, ‘सर, आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट.’ समोरच्यानं ऐकलं, मी पूर्वी रात्री काम करायचो. पुढचा प्रश्न आला, मग सोडलं का? मुलगा गांगरला. त्यानं सोडलेलं नव्हतं काहीच. त्याला म्हणायचं होतं, ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट.’ एक ‘ॲम’ आणि एक ‘आयएनजी’ नसल्यामुळं त्याचा सगळ्यात मोठा गुण त्याला नीट सांगता आला नाही.

‘आयएनजी’ का लागतं, हे एकदा समजलं की पाठांतर संपतं. पहिल्या साच्यातला ‘टू’ हा पुढच्या क्रियापदाचा आहे, ‘टू गो’, ‘टू कट’. दुसऱ्या साच्यातला ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय आहे, आपल्या ‘ची’, ‘ला’ यांच्यासारखं. उन्हाची सवय, धुळीची सवय, तिखटाची सवय. त्याच्यापुढं नाम यावं लागतं: ‘आय ॲम यूज्ड टू द हीट’, ‘टू द डस्ट’, ‘टू स्पायसी फूड’. क्रियापद आणायचं असेल तर त्याला आधी नामाचं रूप द्यावं लागतं. आपण मराठीत काय करतो? ‘उठण्याची सवय’, ‘चालण्याची सवय’. ‘उठ’ला ‘णे’ लावून आपण त्याचं नाम करतो. इंग्रजीतलं हे ‘आयएनजी’ म्हणजे आपलं ‘णे’. ‘वेकिंग’ म्हणजे उठणे, ‘वॉकिंग’ म्हणजे चालणे.

आणि कोणता ‘टू’ आहे हे ओळखायचं असेल तर ‘टू’च्या पुढं नुसतं ‘धिस’ ठेवून बघा. ‘आय ॲम यूज्ड टू धिस’, मला याची सवय आहे: वाक्य पुरं झालं, म्हणजे इथं ‘आयएनजी’ लागणार. ‘आय यूज्ड टू धिस’, मी पूर्वी याला… काहीच अर्थ नाही; म्हणजे इथं मूळ क्रियापद. ही ‘धिस’ची युक्ती दुसरीकडंही कामाला येते. अर्जाच्या शेवटी मुलं लिहितात, ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’ तपासा: ‘आय लुक फॉरवर्ड टू धिस’, बरोबर बसतं. म्हणजे ‘हिअर’ नाही, ‘हिअरिंग’ हवं: ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’ वर्षानुवर्षं एकाचं बघून दुसऱ्यानं उतरवलेल्या अर्जांमुळं ही चूक टिकून आहे. तुमच्या फाइलीतला नमुना आजच काढून बघा.

सवय आहे ती ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’नं, सवय होती ती ‘वॉज’, ‘वेअर’नं, आणि सवय होते, लागते, अंगवळणी पडते, ती ‘गेट’नं. 17 सप्टेंबर 2025ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. परळीला रेल्वे फार जुनी, पण बीड शहराला ती पहिल्यांदा तेव्हा मिळाली. यावर तीन वाक्यं करता येतात. बीडला पूर्वी रेल्वे नव्हती: ‘बीड डिड नॉट यूज टू हॅव अ ट्रेन.’ लोकांना एसटीची सवय होती: ‘पीपल वेअर यूज्ड टू द एसटी.’ आता गाडीच्या शिट्टीची सवय होतेय: ‘पीपल आर गेटिंग यूज्ड टू द व्हिसल.’ परगावी खोली करून राहिलेल्या पोरांना तर हे ‘गेट’ फारच लागतं. मेसच्या जेवणाची सवय व्हायला महिना गेला: ‘इट टुक मी अ मंथ टू गेट यूज्ड टू द मेस फूड.’

इथंच एक खड्डा दाखवून ठेवतो. ‘आय वॉज यूज्ड टू गो’ असं वाक्य पुष्कळ जण लिहितात. विचारलं की सांगतात, भूतकाळ आहे म्हणून ‘वॉज’ घातला. पण ‘यूज्ड’मध्येच भूतकाळ आहे. ‘वॉज’ घातला की साचा बदलतो आणि मग ‘गो’ तिथं चालत नाही. एक तर ‘आय यूज्ड टू गो’ म्हणा, जायचो. नाही तर ‘आय वॉज यूज्ड टू गोइंग’ म्हणा, जायची सवय होती. दोन्हींची खिचडी करू नका.

आता ‘ड’ कधी जातो ते. वरच्या रेल्वेच्या वाक्यात ‘डिड नॉट यूज टू’ असं लिहिलंय, ‘यूज्ड’ नाही. ‘डिड’ आला की भूतकाळाचं ओझं तो उचलतो आणि मुख्य क्रियापद मोकळं होतं. ‘डिड यू गो?’ म्हणतो, ‘डिड यू वेन्ट?’ म्हणत नाही, त्यातलाच प्रकार. ‘तुम्ही कुठं राहायचात?’ हे ‘व्हेअर डिड यू यूज टू लिव्ह?’ छापील इंग्रजीत कधीकधी ‘डिडन्ट यूज्ड टू’ही नजरेस पडतं, परीक्षेत मात्र ‘यूज टू’च लिहा. आणि नकाराचं वाक्य अवघडल्यासारखं वाटत असेल तर ‘नेव्हर’ वापरा, त्यात ‘डिड’ची भानगड नाही: ‘ही नेव्हर यूज्ड टू स्पीक इन क्लास.’ तो वर्गात कधी बोलायचाच नाही. बोलण्यात हे जास्त सहज येतं, मला स्वतःला तेच आवडतं.

मोजणीचं एक पथ्य आहे, आणि त्यातही मराठी कानच वाट दाखवतो. ‘मी पंढरपूरला तीन वेळा जायचो.’ म्हणून बघा. अडखळलात ना? आपण म्हणतो ‘तीन वेळा गेलो’. एकूण किती वेळा हे सांगितलं की सवय उरत नाही, ती मोजलेली घटना होते. इंग्रजीतही तसंच: ‘आय वेन्ट टू पंढरपूर थ्री टाइम्स.’ पण ‘दरवर्षी’, ‘वर्षातून दोनदा’, ‘दर एकादशीला’ हे चालतं, कारण ते आवर्तन आहे. ‘आम्ही दर कार्तिक पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेला पायी जायचो’, ‘वी यूज्ड टू वॉक टू कपिलधार एव्हरी कार्तिक पौर्णिमा’, दोन्ही भाषांत ठीक. तसंच एकूण मुदतीचं. ‘मी पाच वर्षं पुण्यात राहायचो’ असं आपण म्हणत नाही, ‘राहिलो’ म्हणतो. ‘आय लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.’

सालाचंही हेच आहे. निजामाच्या अमलात, 1948पर्यंत, इथलं सरकारी कामकाज उर्दूत चालायचं, आणि बीड जिल्हा 1956पर्यंत हैदराबाद राज्यात होता. हे साल न सांगता म्हणायचं असेल तर ‘बीड यूज्ड टू बी इन हैदराबाद स्टेट.’ ऐकणाऱ्याला कळतं, पूर्वी होता, आता नाही. साल सांगायचं असेल तर साधा भूतकाळ: ‘बीड वॉज इन हैदराबाद स्टेट अंटिल 1956.’ जमिनीची जुनी कागदपत्रं घरात असलेल्यांना हे वाक्य पुढं कधी उपयोगी पडेल: ‘द लँड पेपर्स यूज्ड टू बी इन उर्दू.’

‘यूज्ड टू बी’ मला फार जवळचा वाटतो. ‘इथं आड होता’ हे आपण नुसत्या ‘होता’नं भागवतो आणि ‘आता नाही’ हे समोरच्यानं समजून घ्यायचं असतं, किंवा आपण ‘पूर्वी’, ‘आधी’ जोडतो. इंग्रजीत ‘देअर वॉज अ वेल हिअर’ चुकीचं नाही, पण ‘देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर’ म्हटलं की बुजलेला आड डोळ्यांपुढं येतो. शाळेच्या वाटेवरची चिंच, पारावरचा लिंब, गावातली पिठाची जुनी गिरणी, ज्या ज्या गोष्टीजवळून जाताना घरातली जुनी माणसं बोट दाखवून काही सांगतात, त्या सगळ्या या साच्यात बसतात.

‘वुड’चं थोडक्यात सांगतो. जुनी आठवण सांगताना ‘वुड’ही चालतो: ‘एव्हरी इव्हनिंग माय ग्रँडफादर वुड सिट अंडर द नीम ट्री.’ आजोबा रोज संध्याकाळी लिंबाखाली बसायचे. पण ‘वुड’ फक्त कृतीला चालतो, आणि काळ कुठला हे आधी सांगितलेलं असावं लागतं. असणं, मालकीचं असणं, आवडणं अशा स्थितीला तो चालत नाही. ‘देअर वुड बी अ वेल’ म्हटलं तर आड बुजल्याचा अर्थ निघत नाही. शंका असेल तिथं ‘यूज्ड टू’ घ्या, तो दोन्हीकडं चालतो.

परीक्षेचं बोलायचं तर तलाठी भरतीच्या 2023च्या पेपरात 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे होते, 200पैकी 50 गुणांचे. अशा पेपरांत रिकामी जागा आणि चूक शोधा हे प्रकार ठरलेले, आणि ‘यूज्ड टू’ त्यांत छान बसतो, कारण पर्याय एकमेकांसारखे दिसतात. घाईत अर्थ लागत नसेल तर नजर ‘यूज्ड’च्या डावीकडं टाका. तिथं काही नाही, तर उजवीकडं मूळ क्रियापद. तिथं ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ किंवा ‘गेट’चं कुठलंही रूप आहे आणि कर्ता माणूस आहे, तर उजवीकडं ‘आयएनजी’ किंवा नाम. तिथं ‘इज’, ‘आर’ आहे आणि कर्ता निर्जीव वस्तू आहे, तर बहुधा वापरण्याचा अर्थ, उजवीकडं मूळ क्रियापद. तिथं ‘डिड’ आहे, तर ‘यूज्ड’चा ‘ड’ गेला. एवढ्या बघण्याला दहा सेकंद लागतात. पण मी वर्गात हे शेवटी सांगतो. आधी सांगितलं की मुलं एवढंच धरतात आणि बोलायची वेळ आली की पुन्हा ‘यूज टू’वर येतात.

2000 साली राज्यात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आज भरतीला बसणारी बहुतेक मुलं बारा-पंधरा वर्षं इंग्रजी शिकलेली आहेत. नियम त्यांना पाठ आहेत. त्यांनी केलेलं नाही ते एकच काम: स्वतःच्या घरातलं वाक्य घेऊन ते इंग्रजीत घालून बघणं. पुस्तकातला जॉन पूर्वी सिगारेट ओढायचा आणि मेरीला लंडनच्या थंडीची सवय आहे, हे लिहून हात वळतो, पण वाक्य आपलं होत नाही. त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी परिच्छेद पुन्हा लिहून आणला. त्यातली चार वाक्यं मी माझ्या वहीत उतरवून ठेवली आहेत. ‘माय मदर यूज्ड टू कट शुगरकेन. वी यूज्ड टू लिव्ह इन अ कोपी निअर द फॅक्टरी. शी इज यूज्ड टू वेकिंग अप ॲट थ्री. नाऊ शी स्टेज ॲट होम, बट शी स्टिल वेक्स अप ॲट थ्री.’ आई ऊस तोडायची, आम्ही कारखान्याजवळ कोपीत राहायचो, तिला तीनला उठायची सवय आहे, आता घरी असते तरी तीनलाच उठते. शेवटच्या वाक्यात ‘यूज्ड टू’ नाही, कारण ती गोष्ट संपलेली नाही. ते तिला मी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं.

आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाजवळ वही घेऊन बसा आणि विचारा, तुमच्या वेळी काय काय असायचं? ते बोलतील, ते आधी मराठीतच जसंच्या तसं लिहून घ्या. मग त्यातली पाच वाक्यं निवडा: दोन ‘यूज्ड टू’ची, दोन ‘इज यूज्ड टू’ची आणि एक ‘यूज्ड टू बी’चं. प्रत्येक वाक्याला ‘आता नाही’ किंवा ‘धिस’, जी लागू असेल ती कसोटी लावून तपासा, मोठ्यानं वाचा, खाली तारीख टाका. आणि अर्थ ज्यांचा आहे त्यांना तो मराठीत पुन्हा वाचून दाखवा. वाक्य चुकलं असेल तर ते लगेच सांगतील.